ताजमहाल हॉटेलातला टेडी

आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटेल. नाशिकच्या माणसाने जॅझ संगीताबद्दल, तेही नाइट क्लबांबद्दल बोलावे, याचे प्रयोजन काय? पण इतिहास शिकता-शिकवताना मला पडलेला प्रश्न जॅझच्या सुरातालाचा नाही. एखाद्या दिवाणखान्यात गाणे-बजावणे चालते तेव्हा त्या जागेचा मालक कोण, पाहुणा कोण आणि वाजवणारा कोण, हा तो प्रश्न आहे. तो आपल्या गावात जितका खरा आहे तितकाच अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातही खरा होता. त्याचे उत्तर शोधताना मला एक माणूस भेटला. त्याचे नाव टेडी वेदरफर्ड.

टेडीचा जन्म ऑक्टोबर १९०३ मधला, व्हर्जिनियातल्या पोकाहॉन्टास या कोळशाच्या खाणींच्या गावातला. योगायोग पाहा, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईच्या अपोलो बंदरावर जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल सुरू झाले. एका गोऱ्या हॉटेलात जमशेटजींना प्रवेश नाकारला गेला आणि म्हणून त्यांनी ताज बांधले, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी की खोटी यावर अभ्यासकांत वाद आहे. पण लोकांना ती खरी वाटते, कारण दारावर अडवले जाणे म्हणजे काय, हे त्या काळच्या हिंदी माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नव्हते.

टेडीलाही सांगावे लागत नव्हते. तो कृष्णवर्णीय होता. गुलामगिरी कायद्याने संपून चाळीस वर्षे होत आली होती, तरी अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्यांची शाळा वेगळी, आगगाडीचा डबा वेगळा, पाणी पिण्याचा नळ वेगळा. १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या वेगळेपणाला मान्यताही देऊन टाकली होती. आपल्याकडचे वेगळे पाणवठे ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हे चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल.

मुलगा न्यू ऑर्लिन्सला पियानो शिकला आणि विशीच्या आसपास शिकागोला पोचला. दक्षिणेतून लाखो काळी माणसे तेव्हा उत्तरेच्या शहरांत कामासाठी चालली होती, त्यांच्याबरोबर जॅझही चालला होता. व्हेंडोम नावाच्या थिएटरात अर्स्किन टेट यांचा वाद्यवृंद मूकपटांच्या वेळी वाजवत असे. त्यात टेडी पियानोवर होता आणि ट्रम्पेटवर होता लुई आर्मस्ट्राँग. १९२६ मध्ये या वाद्यवृंदाची एक ध्वनिमुद्रिका निघाली. ती आजही ऐकायला मिळते. टेडीचा डावा हात असा काही भक्कम चालतो की मृदंगाच्या साथीची गरज वाटू नये. जाणकार तेव्हा त्याचे नाव अर्ल हाइन्सच्या बरोबरीने घेत. हाइन्स पुढे जॅझ पियानोचा एक मोठा आचार्य ठरला. टेडीने मात्र त्याच वर्षी जॅक कार्टर यांच्या बँडबरोबर आशियाची बोट धरली. नंतर कधी फेरी झाली तेवढीच, पण राहायला तो अमेरिकेत परतला नाही.

पुढची जवळजवळ दहा वर्षे शांघाय, मनिला, सिंगापूर अशी गेली. शांघाय त्या काळी विलायती नाचगाण्याचे मोठेच केंद्र होते. टेडी तिथे एका रात्रीत चार चार क्लबांत हजेरी लावत असे. एका ठिकाणी वाजवायचे, मोटारीत बसायचे, दुसरीकडे जायचे. १९३३ मध्ये कवी लँग्स्टन ह्यूज शांघायला गेला तेव्हा त्याची गाठ या मोठ्या देहाच्या, हसतमुख पियानोवादकाशी पडली. त्याने आपल्या आत्मचरित्रात तिचे वर्णन केले आहे. पुढच्याच वर्षी टेडीने अमेरिकेतून बक क्लेटन या तरुण ट्रम्पेटवादकाचा अख्खा बँड शांघायला आणवला. पण तिथेही एका गोऱ्या अमेरिकन माणसाने कुरापत काढली, मारामारी झाली आणि क्लेटनच्या बँडचे ते काम गेले. समुद्र ओलांडला म्हणजे वर्णद्वेष मागे राहतो असे नाही. तोही बोटीतून प्रवास करतो.

आता मुंबईला येण्यापूर्वी थोडा वेळ पॅरिसला जाऊ, कारण मालकीचा प्रश्न तिथे वेगळ्या तऱ्हेने सुटला होता. हाच लँग्स्टन ह्यूज १९२४ मध्ये, म्हणजे अगदी उमेदवारीच्या दिवसांत, पॅरिसच्या मोंमार्त्र भागातल्या ल ग्रां द्युक नावाच्या क्लबात भांडी घासत होता. त्या क्लबाचा कारभार पाहणारा युजीन बुलार्ड हा जॉर्जियात जन्मलेला काळा अमेरिकन. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्सच्या बाजूने लढला आणि विमानही चालवले. पुढे त्याने स्वतःचा क्लब काढला. त्याच ल ग्रां द्युकमध्ये १९२४ साली गायला आली एडा स्मिथ. जन्म वेस्ट व्हर्जिनियातला, म्हणजे टेडीच्याच डोंगराळ पट्ट्यातला. तिचे केस तांबूस होते, म्हणून लोक तिला ब्रिकटॉप म्हणत. विटेच्या रंगाचे डोके, असा अर्थ घ्या. दोन-तीन वर्षांतच ब्रिकटॉपने पॅरिसमध्ये स्वतःच्या नावाचा क्लब थाटला. संगीतकार कोल पोर्टर, राजघराण्यातली माणसे, लेखक असे सगळे तिच्या दारात येत आणि कोणाला कुठे बसवायचे हे ती ठरवीत असे. एक काळी बाई दारात उभी राहून गोऱ्यांना आत घेते आहे, हे दृश्य त्या वेळच्या अमेरिकेत कल्पनेतही बसले नसते. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर १९३९ मध्ये तिला पॅरिस सोडावे लागले, तरी पुढे मेक्सिको सिटीत आणि रोममध्येही तिने क्लब चालवले.

आणि बुलार्डचे काय झाले? युद्धामुळे तो अमेरिकेला परतला. १९५९ मध्ये फ्रान्सने त्याला आपला मोठा सन्मान दिला, तेव्हा हा माजी वैमानिक आणि माजी क्लबमालक न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये लिफ्ट चालवत होता. पॅरिसमधली मालकी त्याच्या मायदेशात चालणारे नाणे नव्हते, एवढेच म्हणता येईल.

अशाच पॅरिसहून १९३५ च्या अखेरीस एक बँड मुंबईला आला. जागतिक मंदीने युरोपातली कामे आटली होती आणि फ्रान्सने परदेशी वादकांच्या संख्येवर मर्यादा घातली होती. व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबे आणि त्यांचे कृष्णवर्णीय सहकारी ताजच्या नृत्यगृहात वाजवू लागले. त्यांच्यात क्रिकेट स्मिथ नावाचा जुना, मुरलेला ट्रम्पेटवादक होता. त्याने पुढे मुंबईतच स्वतःचा बँड केला आणि १९३६ मध्ये ‘ताजमहाल’ नावाच्या नाचाच्या गाण्याची ध्वनिमुद्रिकाही काढली. ती रचना मुंबईचे ज्यू संगीतकार मेना सायलस यांची. पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी या सगळ्या काळावर २०१२ मध्ये इंग्रजीत सुंदर पुस्तक लिहिले, त्याचे नाव याच गाण्यावरून ठेवले आहे.

१९३५ ची ही अखेर नाशिककरांनी नीट आठवावी. २ मार्च १९३० रोजी आपल्या गावात काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्री-पुरुष मंदिराच्या दारांशी उभे राहिले. पाच वर्षे गेली, दार उघडले नाही. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर काही आठवड्यांतच मुंबईत अ‍ॅबेच्या बँडचे कार्यक्रम सुरू झाले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. ताजमध्ये नाचणाऱ्यांना येवल्याची फिकीर नव्हती आणि येवल्याच्या मंडपातल्या माणसाला ताज पाहण्याचीही शक्यता नव्हती. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही तारखा एकाच पानावर मांडून पाहाव्यात, असे मला वाटते.

टेडी मुंबईत आला तो याच सुमारास. क्रिकेट स्मिथच्या बँडमध्ये तो सामील झाला आणि लवकरच बँडची सूत्रे त्याच्या हाती आली. १९३७ मध्ये पॅरिसला जाऊन त्याने एकट्याने पियानोच्या ध्वनिमुद्रिका दिल्या आणि पुन्हा हिंदुस्थान गाठले. ताजच्या नृत्यगृहात संस्थानिक, पारशी धनिक, इंग्रज अधिकारी, त्यांच्या बायका अशी सगळी मंडळी त्याच्या तालावर नाचत. हॉटेलच्या हाकेच्या अंतरावर रॉयल बॉम्बे यॉट क्लब होता, तिथे हिंदी माणसाला सभासद होता येत नसे. म्हणजे एका इमारतीत गोरे आणि काळे एका छताखाली, आणि पलीकडच्या इमारतीत दार बंद.

मग टेडीसारख्या माणसाने मुंबईत ब्रिकटॉपसारखा स्वतःचा क्लब का काढला नाही? हा माझा मूळ प्रश्न. माझ्या मते याची कारणे अगदी व्यवहारातली आहेत. पॅरिसच्या मोंमार्त्रमध्ये लहानशी खोली भाड्याने घेतली, एक पियानो आणि दहा-बारा टेबले मांडली, की क्लब उभा राहत असे. मुंबईत जॅझ आला तो थेट मोठ्या हॉटेलांच्या नृत्यगृहात. जागा कंपनीची, दारूचा परवाना कंपनीचा, गिऱ्हाईक कंपनीचे. बँड यायचा तो करारावर आणि हंगामापुरता. थंडी संपली, साहेब लोक थंड हवेच्या ठिकाणी निघाले, की वादकांनीही मसुरी किंवा कोलंबो गाठायचे. ज्याचा मुक्काम हंगामाचा त्याची मालकी कसली? शिवाय वसाहतीच्या राज्यात परक्या देशातल्या काळ्या माणसाला टाळी मिळणे वेगळे आणि जागेची कागदपत्रे त्याच्या नावावर होणे वेगळे.

हे आपल्याला परके वाटायला नको. आपल्या खेडोपाडी लग्न लागताना सनई हवी, हलगी हवी. वाजंत्र्यांशिवाय मुहूर्त साधत नाही. पण ती मंगलवाद्ये वाजवणारे मातंग समाजाचे कलावंत बसायचे कुठे? मांडवाच्या बाहेर. पंगत उठल्यावर त्यांना वाढायचे, तेही लांबून. ज्याच्या वाजवण्याने कार्य शुभ होते त्याच्या सावलीचा विटाळ, हा उफराटा न्याय आपण शतकानुशतके चालवला. टेडीला ताजमध्ये अशी वागणूक मिळाली असे मी म्हणत नाही. उलट त्याला तिथे मान होता, पैसाही होता. पण ‘तुझे वाजवणे हवे, तुझी बरोबरी नको’ हा ज्या जगाचा नियम होता, त्याच जगातून तो आला होता आणि तो नियम आपल्याला पाठ होता.

टेडीने मुंबईत मालमत्ता केली नाही, तरी मागे काही ठेवले का? माझे उत्तर होय असे आहे. अशा बँडना कायमचे सगळे वादक अमेरिकेतून आणणे परवडत नसे. मग जागा भरल्या त्या गोव्याच्या मुलांनी. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ही मुले पोटासाठी मुंबईत धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे आपापल्या गावच्या मंडळींनी चालवलेल्या खोल्यांत, राहायची. कागदावरचे संगीत त्यांना येत होतेच. कागदावर न लिहिलेले, ऐन वेळी सुचणारे संगीत त्यांनी या काळ्या उस्तादांच्या शेजारी बसून आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून उचलले. घराणे म्हणतो ते आपण आणखी कशाला? गुरूने शिष्याला शेजारी बसवून गळ्यातले काढून द्यावे, तसाच हा प्रकार. फक्त इथे गंडा बांधला गेला नाही आणि वंशावळही कोणी लिहून ठेवली नाही.

या मुलांपैकी एक आल्डोना गावचा आंतोनियो शावियेर वाझ. तो चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध झाला. त्याला लोक हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. हे नाव लक्षात ठेवा, आपल्याला पुन्हा त्याच्याकडे यायचे आहे.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि टेडी कलकत्त्याला गेला. चौरंगीवरचे ग्रँड हॉटेल १९३८ पासून मोहनसिंग ओबेरॉय यांच्या हाती आले होते. युद्धात ते सैनिकांनी गच्च भरले. टेडीच्या बँडमध्ये काळे अमेरिकन, गोवेकर, अँग्लो-इंडियन असे सगळे एकत्र वाजवत होते. एके काळी ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात असलेला रूडी जॅक्सनही त्यात होता. कलकत्त्यात त्यांनी कोलंबिया कंपनीसाठी बऱ्याच ध्वनिमुद्रिका केल्या. सैनिकांसाठीच्या रेडिओवरूनही टेडीचा पियानो ऐकू येई. विशेष म्हणजे बर्माच्या सीमेवर लेडोचा रस्ता बांधणाऱ्या अमेरिकन सैनिकांत काळ्यांचा मोठा वाटा होता आणि त्यांच्या तुकड्या गोऱ्यांपासून वेगळ्या होत्या. हिटलरच्या वंशवादाशी लढणारे अमेरिकेचे सैन्य स्वतः रंगाने विभागलेले होते. ते धोरण बंद करण्याचा आदेश निघाला १९४८ मध्ये.

याच कलकत्त्यात १९४३ साल उजाडले. बंगालच्या दुष्काळात गेलेल्यांचा आकडा तीस लाखांपर्यंत सांगितला जातो. खेड्यांतून निघालेली माणसे शहराच्या फुटपाथवर पेज मागत मरून पडत होती. चौरंगीवर आत बँड आणि बाहेर प्रेते, अशी ती दोन जगे होती. टेडीच्या मनात तेव्हा काय चालले असेल ते मी सांगू शकत नाही आणि त्याच्या तोंडी काही घालणेही बरोबर नाही. तो धान्याचा व्यापारी नव्हता, सरकारही नव्हता, हॉटेलचा मालकही नव्हता. पण संगीताचा इतिहास सांगताना हे फुटपाथ गाळले, तर तो इतिहास नुसता हॉटेलच्या जाहिरातीसारखा होईल.

शेवटी बाहेरच्या कलकत्त्याने टेडीलाही गाठले. २५ एप्रिल १९४५ रोजी कॉलऱ्याने त्याचा मृत्यू झाला. वय अवघे एक्केचाळीस. युरोपातले युद्ध संपायला दोन आठवडे उरले होते. शिकागोत त्याच्याबरोबरीचे म्हणून ज्यांचे नाव घेतले जात होते ते जगप्रसिद्ध झाले होते. टेडीचे नाव जॅझच्या ग्रंथांत पुष्कळदा तळटीपेत सापडते.

स्वातंत्र्यानंतर मुंबईचे चित्र पालटले. इंग्रज गेले, संस्थाने विलीन झाली, १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि नाचगाण्याच्या हॉटेलांचे दिवस उतरणीला लागले. गोव्याच्या वादकांनी मग आपली वाद्ये घेऊन दादर, महालक्ष्मी, ताडदेवकडच्या चित्रपट स्टुडिओंची वाट धरली. तिथे त्यांना भेटले आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले, मनमाड-दौंड लोहमार्गावरच्या पुणतांब्यात जन्मलेले रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणे शिकलेल्या या मराठी संगीतकाराचे कान मोठे मोकळे होते. चिक चॉकलेट त्यांचा सहायक झाला. १९५१ मध्ये भगवानदादांचा ‘अलबेला’ आला. त्यात चिक आणि त्याचे साथीदार पडद्यावरही दिसतात. पुढे ‘आशा’ या १९५७ च्या चित्रपटातले ते अर्थहीन शब्दांचे, पण पोरासोरांच्याही तोंडी बसलेले गाणे आले.

आमच्या लहानपणी नाशिकमध्ये गणपतीच्या दिवसांत मेळे, ऑर्केस्ट्रा आणि वरातीचे ब्रास बँड यांत ‘अलबेला’ची गाणी हमखास असत. ब्रासचा तो फेक, तालात मुद्दाम उशिरा पडणारी ती थाप, यावर अख्खी आळी भगवानदादांसारखी हात हलवून नाचत असे. हा ठेका कुठून आला हे नाचणाऱ्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. तो न्यू ऑर्लिन्स आणि शिकागोहून निघाला, पॅरिस आणि शांघायला मुक्काम करून ताजला उतरला, गोव्याच्या मुलांच्या बोटांत शिरला आणि पुणतांब्याच्या माणसाच्या चालीत बसून आपल्या गल्लीत आला. या वाटेवरचा एक मोठा वाटाड्या म्हणजे टेडी आणि त्याचे साथीदार.

हा केवळ सुरांचा प्रवास होता असेही नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांनी केलेल्या अर्जाची माहिती त्यांना हवी होती, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे नेता येईल का याचा ते विचार करत होते. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. दोन्हीकडच्या दुःखाची ओळख दोन्हीकडच्या शहाण्या माणसांना पटली होती. वाजवणाऱ्यांना बहुधा ती आधीच पटली असावी.

तेव्हा मालक कोण, या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर असे. इमारतींची मालकी दप्तरात नोंदलेली असते, ती शोधायला कष्ट पडत नाहीत. संगीताची मालकी अशी नोंदली जात नाही, म्हणून ती आपण नावे घेऊन नोंदवायची असते. जुन्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत पूर्वी संगीतकाराचे एक नाव येई आणि साठ-सत्तर वादक अंधारात राहत. अलीकडे त्यांच्या मुलाखती होऊ लागल्या आहेत, नोंदी होऊ लागल्या आहेत, ही चांगली गोष्ट आहे. आपल्या जिल्ह्यातही असे काम करण्यासारखे आहे. बँड पथकांतले, तमाशाच्या फडातले, लग्नाच्या मांडवाबाहेर बसून सनई फुंकणारे म्हातारे कलावंत अजून आहेत. त्यांचे गुरू कोण, त्यांनी काय कुणाकडून उचलले, हे विचारून लिहून ठेवणारा कोणीतरी हवा. त्यासाठी वही आणि पेन एवढेच भांडवल लागते, आणि त्यांना मांडवाच्या आत, आपल्या शेजारी बसवून बोलण्याची तयारी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)